पिल्लांची ऊब

मालकानं दिलेला तंबू निळा होता आणि त्याच्या दाराशेजारी एक हसरं अस्वल छापलेलं होतं. मालकाच्या मुलांनी एका उन्हाळ्यात तळ्याकाठी मुक्कामाला जायचं म्हणून तो हट्टानं घेतला, एकदाच त्यात झोपली आणि डास चावतात म्हणून कुरकुरत परत आली. तेव्हापासून तो माळ्यावर धूळ खात पडला होता. दाराची चेन अर्ध्यात अडकायची, एक काठी वाकली होती. पण मालकानं गाडीच्या डिकीतून तो काढून दिला तो अशा थाटात, की घेणाऱ्यालाच ओशाळं व्हावं, एवढं कशाला म्हणून.

"लोक पैसे भरून तंबूत राहायला जातात, डॉक्टर," मालक म्हणाला. "मोकळी हवा, डोक्यावर चांदणं. तुमची तर रोजचीच सहल."

डॉक्टर हसला. हा डॉक्टर म्हणजे कोंबड्यांच्या शेडचा राखणदार. मागे एकदा त्यानं मरायला टेकलेली पिल्लं ड्रॉपरनं पाणी पाजून जगवली होती, तेव्हा मालकानं कौतुकानं हे नाव दिलं. नाव द्यायला पैसे पडत नाहीत. डॉक्टर म्हणून हाक मारली की गड्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ यायचं, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक होतं.

शेडच्या टोकाला राखणदाराची पक्की खोली होती. बायको लग्न होऊन त्याच खोलीत आली आणि तिथूनच बाळंतपणाला माहेरी गेली. बाळ घेऊन परत आली तर खोलीत छतापर्यंत खाद्याची पोती. गोदामाचं छप्पर वाऱ्यानं उडालं होतं आणि नवे पत्रे यायचे होते. खाद्य ओलं झालं तर त्याला बुरशी धरते. बाळाला बुरशी धरत नाही, म्हणून बाळ तंबूत.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मालक म्हणाला होता. ते थोडे दिवस काही संपेनात. थंडी मात्र वेळेवर आली.

थंडीबरोबरच पिल्लांची गाडी आली. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, खोक्याखोक्यात एका दिवसाची पिवळी पिल्लं, आणि नुसता चिवचिवाट. उतरवून घ्यायला डॉक्टर, त्याची म्हातारी आई आणि बायको अशी तिघं. एकेक पिल्लू उचलायचं, त्याची चोच पाण्यात बुडवायची म्हणजे त्याला पाणी कळतं, आणि शेगडीपाशी सोडायचं. शेडमध्ये भुशाचा जाड थर होता. त्यावर जागोजागी पत्र्याची गोल कडी उभी केलेली, प्रत्येक कड्याच्या मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्यावर पत्र्याची छत्री, ऊब खाली दाबून धरायला. भिंतीच्या जागी जाळी आणि जाळीला बाहेरून पोत्यांचे पडदे. पडद्याच्या वर हातभर फट, कोळशाचा वायू जाण्यापुरती. बाहेरून आत आलं की गालांना झिणझिण्या यायच्या.

दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असायचं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, आणि बाळाला तर आत आणायचंच नाही, अशी मालकाची ताकीद होती. बाळाला सर्दी असते, बाळ शिंकतं, बाळ कुठंही शी करतं. पिल्लांना काही लागलं तर अख्खी खेप हातची जायची.

"आणि पिल्लांचं बाळाला काही लागलं तर?" बायकोनं एकदा विचारलं.

"बाळ मालकाचं नाही ना," म्हातारी म्हणाली.

म्हातारीची जीभ तिखट, पण हात चपळ होता. दिवस मावळला की ती आणि तिचा मुलगा आळीपाळीनं पिल्लांवर लक्ष ठेवायचे. एक जागा राहायचा, दुसरा तिथंच भुशावर पोतं अंथरून पडायचा. सून आणि बाळ तंबूत. त्यामुळे तंबूतली थंडी काय चीज आहे, हे माय-लेकांना फक्त ऐकून माहीत होतं.

पिल्लांच्या बाबतीत डॉक्टरला मालकानं लावलेल्या थर्मामीटरची गरज वाटत नसे. "काचेत बघून काय कळतंय?" तो बायकोला सांगायचा. "कान द्यायचा. ओरडायला लागली, एकमेकांत घुसायला लागली की गारठली. कड्याकडे पळून चोची उघडून धापा टाकायला लागली की उकडतंय. आणि सगळीकडे पसरून गप्प बसली की झालं. आवाज बंद म्हणजे ऊब."

बायकोही हे शिकली होती. बाहेर भांडी घासता घासता ती कान टवकारायची आणि ओरडून सांगायची, "मधली शेगडी विझत आलीय बघा." डॉक्टर जाऊन बघायचा तर खरंच विझत आलेली असायची. तेवढ्यापुरतं त्याला बायकोचं कौतुक होतं. सगळ्यात भीती असायची ती ढिगाची. थंडी फार झाली की पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, वरची वर राहतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून तर डोळ्यात तेल घालून बसायचं.

तंबूत सकाळ व्हायची ती पाण्यानं. रात्रभराच्या श्वासांचं पाणी आतल्या कापडाला धरायचं आणि उजाडताना टपटपायला लागायचं. आतून ते अस्वल उलटं दिसायचं आणि त्याच्या पोटावरून ओघळ यायचे. गोधडी वरून दमट, खालून गार. ती वाळत घालावी तर दुपारपर्यंत धुकं, आणि दुपारी ऊन पडायचं ते नावाला. बाळाचं नाक चोंदलं होतं. दूध ओढायला लागलं की श्वास कोंडायचा, तोंड काढून घ्यायचं आणि चिडून रडायचं. हाताची बोटं लालबुंद झालेली असायची.

"अहो, आज मालक येतील तेव्हा खोलीचं विचारा," ती म्हणाली.

"विचारतो."

"मागेही विचारतो म्हणाला होतात."

"अगं, माणूस आल्याआल्या त्याच्यापुढं रडगाणं लावायचं का? पोती ठेवणार कुठं तो? डोक्यावर?"

"शेडमागच्या पडवीत जागा आहे की. खाली फळ्या टाकायच्या, वर ताडपत्री."

"उंदीर लागतील."

"मग पोती तंबूत ठेवा. मी बाळाला घेऊन पोत्यांच्या जागी झोपते."

डॉक्टरनं ते हसण्यावारी नेलं. "तंबूला काय झालंय? अस्वल आहे की राखणीला," तो म्हणाला आणि बादल्या उचलून गेला.

मालक आला. ती तंबूच्या तोंडाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिथून तिला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मालकानं बूट घमेल्यात बुडवले, आत फिरून आला आणि बाहेर येऊन डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली. मालक काहीतरी बोलून हसला. डॉक्टर हसला. मालक पुन्हा बोलला, डॉक्टर मान खाली घालून पुन्हा हसला. मग गाडी गेली आणि डॉक्टर खांद्यावर पोत्याचे दोन जुने पडदे टाकून तंबूकडे आला.

"काय म्हणाले?"

"हे दिले. तंबूवर टाका म्हणाले. न मागता दिले बघ. आणि म्हणाले, एकही पिल्लू दगावलं नाही, डॉक्टर, तुम्ही माझ्या घरचेच."

"आणि खोली?"

"पत्रे येतायत म्हणे."

"तुम्ही विचारलंत?"

"विषय निघाला होता."

विषय निघाला नव्हता हे तिला त्याच्या कानांवरूनच कळलं. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. तेवढा वेळ हरभऱ्याच्या झाडावर बसलेल्या माणसाला खाली उतरून खोली मागायला जमलं नव्हतं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला. तिनं पडदे घेतले आणि तंबूवर टाकले. पडद्यांना पिल्लांच्या घाणीचा जुना वास होता.

म्हातारीला नातवाची माया नव्हती असं नाही. एका संध्याकाळी तिनंच शेगडीतले चार निखारे पाटीत घालून तंबूत आणून ठेवले. तंबू छान तापला. थोड्या वेळानं सून डोकं धरून, बाळाला काखोटीला मारून बाहेर आली आणि गवतात ओकली. तिकडं वायू जायला फट ठेवतात, इकडं फट ठेवली तर ऊब टिकणार कशी? म्हातारीनं निखारे उचलले आणि परत नेऊन पिल्लांच्या शेगडीत घातले.

मग एक दिवस दुपारपासूनच वारा सुटला. पडदे फडफडायला लागले, ते तिघांनी मिळून तारेनं बांधले. पाण्याची भांडी धुताना सुनेच्या बोटांतला जीवच गेला. तिन्हीसांजेला बाळ रडायला लागलं ते थांबेना. पाजलं तरी रडत होतं, खांद्यावर घेतलं तरी रडत होतं.

डॉक्टर पिल्लांचं खाद्य टाकून आला. तंबूच्या बाहेरच उकिडवा बसून त्यानं कान दिला.

"गारठलंय," तो म्हणाला. "आवाजच सांगतोय."

त्यानं अंगातला स्वेटर काढून आत दिला. तंबूवरचा एक पडदा काढून दुहेरी घडी घातली आणि ती बाळावर पसरायला लावली. मग स्वतः नुसत्या सदऱ्यात, हात काखेत धरून बाहेर बसून राहिला. त्याला मायाच नव्हती असं कुणी म्हणू नये. त्याला फक्त एकच गोष्ट नीट येत होती आणि तीच तो सगळीकडे लावत होता.

हळूहळू बाळाचा आवाज बारीक झाला. मधेमधे तुटायला लागला. मग बंद झाला.

"बघ," डॉक्टर म्हणाला. "लागली ऊब."

तिनं बाळाच्या गालाला हात लावला. पण गाल गार होता की बोटं गार होती, तिला कळेना. तिनंही कान दिला. सगळं गप्प होतं. शेडमधली पिल्लंही गप्प होती. इतके दिवस ज्या कानांवर तिनं पिल्लं सांभाळली, त्याच कानांवर तिनं विश्वास ठेवला. दमलेली होती, लगेच झोप लागली.

तिला जाग आली ती छाती ठणकल्यामुळे. दूध दाटून आलं होतं आणि बाळानं मागितलंच नव्हतं. बाहेर फटफटत होतं. बाळावरचा पडदा टपटप गळालेल्या पाण्यानं जड झाला होता, स्वेटरही ओला. तिनं बाळाला उचललं तर मान एका बाजूला पडली. ओठ निळसर होते. तिनं छातीला लावलं, ओठांवर दूध पिळलं, ते गालावरून ओघळून गेलं.

ती ओरडली नाही. बाळाला उराशी धरून अनवाणी पळाली. घमेल्यात पाय बुडवला नाही. दाराचा पडदा ओढला, दार ढकललं आणि तसंच सताड टाकून आत गेली. डॉक्टर पंपावर पाणी आणायला गेला होता. म्हातारी पहिल्या कड्यापाशी निखारे सारत होती.

"आई, हे उठत नाही."

म्हातारीनं एकदाच बघितलं. पत्र्याचं कडं लाथेनं आडवं केलं, पायानंच पिल्लं बाजूला सारली. "बस इथं, छत्रीखाली. काढ त्याचे कपडे, सगळे ओले आहेत. तुझंही वरचं काढ. पोटाशी धर. अंगाला अंग लागू दे."

तिनं आपली शाल दोघांभोवती गुंडाळली आणि बाळाची पावलं तळहातांत घेऊन चोळायला लागली.

"रडत होतं ना काल?"

"रडत होतं. मग गप्प झालं."

"आणि तू झोपलीस?"

"ते म्हणाले, ऊब लागली."

म्हातारीचे हात क्षणभर थांबले. "पिल्लू मरेपर्यंत ओरडतं, बाई. बाळाला रडायलासुद्धा अंगात ऊब लागते. ती संपली की ते गप्प होतं. मला विचारायचंस."

"तुम्ही इथं होतात."

म्हातारी पुन्हा पावलं चोळायला लागली, जोरजोरानं.

उघड्या दारातून वारा सरळ आत येत होता. आडव्या झालेल्या कड्यातली पिल्लं आधी सैरावैरा पळाली आणि मग लांबच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढायला लागली. वाऱ्यानं शेजारचंही कडं कललं, त्यातलीही तिकडंच गेली. त्यांचा आवाज चढत चढत कान फाटायची वेळ आली. तो आवाज कसला आहे, हे दोघींनाही कळत होतं. दार दहा पावलांवर होतं. दोघींतली एकही उठली नाही.

बाळानं उचकी दिली. मग तोंड वाकडं केलं. मग नाकातून एक बारीक, किरकिरा सूर निघाला, आणि तो वाढत वाढत रडणं झालं. सुनेनं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, हे रडणं आता आयुष्यभर चाललं तरी चालेल.

तेवढ्यात बादल्या आपटल्याचा आवाज झाला. डॉक्टरला पिल्लांचा ओरडा पंपापर्यंत ऐकू गेला होता. तो दारातून आत आला आणि सरळ कोपऱ्याकडे धावला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागला. ओंजळी भरभरून पिल्लं बाजूला टाकत होता. खालची चपटी झाली होती.

"दार कुणी उघडं टाकलं?"

"इकडे ये आधी," म्हातारी म्हणाली. "तुझं पोर बघ."

"रडतंय ना? आलो."

तो वळला नाही. छत्रीखालून बायकोला त्याची पाठ दिसत होती. सदरा पाठीला चिकटला होता, खांदे हलत होते. ती ती पाठ बघत राहिली. ढीग मोडून, दार लावून तो आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही.

"मला वाटलं..." तो म्हणाला आणि त्यानं बाळाच्या पायाला बोट लावलं. त्या बोटाला पिवळी पिसं चिकटलेली होती.

मालक आला तेव्हा मेलेली पिल्लं टोपल्यांत भरून दाराशी ठेवलेली होती. तो टोपल्यांपाशी उभा राहिला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "तुमच्या हातून, डॉक्टर?" रागावला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरचं तोंड झालं.

"बाळ जरा गारठलं होतं," तो पुटपुटला.

"अरे हो, बाळ. बरं आहे ना आता?"

"बरं आहे."

बायको पुढं झाली. इतक्या दिवसांत ती मालकाशी कधी बोलली नव्हती. "गाडीतून दवाखान्यापर्यंत सोडाल का? एकदा दाखवून आणते."

मालकाच्या हातात पिशवी होती. तिच्यात चार मेलेली पिल्लं होती, तपासून घ्यायला. "मी जनावरांच्या दवाखान्याकडे चाललोय, ताई," तो हळुवारपणे म्हणाला. "ते अगदी उलट्या बाजूला. आणि यांना काही आजार असला, तर एका गाडीत बाळाला नकोच. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

मालक मोठा सभ्य माणूस. त्याचं प्रत्येक म्हणणं दुसऱ्याच्या भल्याचं असायचं.

ढिगातून निघालेली बरीच पिल्लं जिवंत होती, पण लंगडत होती, माना टाकत होती. ती बाकीच्यांत ठेवली तर तुडवली गेली असती. मालकानं इकडंतिकडं बघितलं. "यांना वेगळी उबदार जागा पाहिजे," तो म्हणाला. "असं करा, खोली रिकामी करा. पोती मागच्या पडवीत घ्या. खाली फळ्या टाका, वर ताडपत्री."

डॉक्टर लगेच कामाला लागला. पाठीवर पोतं घेऊन तो वाकून पळत होता. आपली चूक धुवून काढायला मिळतेय म्हणून त्याला बरंच वाटत असावं. बायको पडवीच्या वाटेवर बाळाला पाजत बसली होती.

"उंदीर लागतील," ती म्हणाली.

तो थबकला. पोत्याखालून त्याचं तोंड दिसत नव्हतं. मग पुढं गेला.

बाळाचं पोटभर पिऊन होईपर्यंत खोली रिकामी झाली होती. म्हातारीनं झाडली, भुसा पसरला, शेगडी पेटवून वर छत्री टांगली, वायू जायला खिडकीची वरची झडप उघडली. लंगडी पिल्लं टोपलीतून आणून सोडली. दाराशी औषधाचं घमेलं आलं. मालक गाडीत बसता बसता थांबला आणि म्हणाला, "बाळालाही इथंच ठेवा हवं तर. एका कोपऱ्यात. नाहीतरी ही पिल्लं वेगळीच काढलीत. फक्त आत जाताना तेवढे पाय बुडवा."

"बघ," डॉक्टर बायकोला म्हणाला. "न मागता दिली."

तिला नको म्हणावंसं फार वाटलं. नको म्हणून, बाळ खांद्यावर टाकून, त्या रस्त्यानं चालत सुटावंसं वाटलं. पण वारा पडला नव्हता आणि बाळाचे पाय अजून गारच होते. तिनं घमेल्यात एक पाय बुडवला, मग दुसरा. आत गेली. भिंतीवर तिच्या आरशाचा खिळा अजून तसाच होता. त्याच्या खाली, जिथं त्यांची पथारी असायची, तिथं ती भिंतीला टेकून बसली.

खोली तापली. पिल्लं एकेक करून भुशात पसरली आणि गप्प झाली. बाळ तेवढं रडत होतं, घशातून, लाल होऊन.

डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. "आता तर ऊब आहे. का रडतंय? घे की, गप्प कर त्याला. पिल्लं बुजतात."

"रडू दे."

बाळ रडून रडून दमलं. हुंदके लांब लांब पडायला लागले. डोळे मिटले आणि आवाज बंद झाला. तिनं गोधडीतून बाळाचं पाऊल बाहेर काढलं आणि तळव्यावर बोटानं टिचकी मारली. बाळ दचकून किंचाळलं.

"अगं, झोपलं होतं ते!"

"माहीत आहे," ती म्हणाली.

पायांवरचं औषधाचं पाणी सुकेपर्यंत डॉक्टर तिथंच उभा होता. बाळाचा आवाज पुन्हा बारीक व्हायला लागला, तसं तिनं नवऱ्याकडे न बघता पुन्हा पाऊल हातात घेतलं.